गाडीचं रिकॉल आलं, आता याच कंपनीची दुसरी गाडी घ्यावी का?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. जरा लांबण आहे पण वाचून सांगा. माझ्याकडं २०२१ सालची पेट्रोल गाडी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नकोय, सल्ला पाहिजे.

मागच्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून येत होतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणत होतो, ती मागं झोपलेली. मोहोळ सोडलं, सावळेश्वरचा टोल पार केला आणि पाचेक मिनिटांत गाडीनं मान टाकली. धक्का नाही, आवाज नाही, ॲक्सिलेटर दाबतोय तर काहीच नाही आणि स्टेअरिंग दगडासारखं जड. मागं कंटेनर होता, त्यानं जो हॉर्न धरला तो अजून कानात आहे. कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासानं गाडी आपली आपण चालू झाली, जसं काही झालंच नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली तर म्हणाले पेट्रोलमध्ये कचरा असेल. टाकी साफ केली, ५,४०० रुपये बिल. दोन महिन्यांनी सात रस्त्याला सिग्नलवर परत तसंच, तेव्हा इंजेक्टर क्लीनिंगचे २,९०० घेतले. दोन्ही वेळा मी विचारलं की फ्युएल पंपाचा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणाऱ्या पंपाचा प्रॉब्लेम असेल का, तर तिथले सर म्हणाले या मॉडेलला तशी एकही कम्प्लेंट नाही.

आणि आता गेल्या आठवड्यात कंपनीचा रिकॉलचा मेसेज, तुमच्या गाडीचा फ्युएल पंप तपासून मोफत बदलून दिला जाईल.

आता खरा प्रश्न. धाकट्या भावानं याच कंपनीची नवीन गाडी बुक केलीय, ११,००० भरलेत. वडील म्हणतात रद्द कर, ज्यानं एकदा तोंडावर खोटं सांगितलं त्याच्या दारात परत जायचं नाही. बायको म्हणते निदान सांगितलं तरी, बाकीचे तेही सांगत नाहीत. मला दोघांचंही पटतंय. तुम्ही काय केलं असतं?

पार्क_चौक
आधी सांगा, आई बऱ्या आहेत ना?

जुळे_सोलापूरकर
हो, छान आहेत. पेपर वाचतात आता चष्म्याशिवाय. त्या दिवशी काय झालं ते त्यांना आम्ही अजून सगळं सांगितलेलं नाही.

विजापूर_रोडवाला
मी वहिनींच्या बाजूनं. रिकॉल म्हणजे कंपनी वाईट असं आपल्याकडं डोक्यात बसलंय. आकडे बघा ना. मारुतीनं २०२० च्या जुलैमध्ये याच पंपासाठी वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. होंडानं त्याच वर्षी जूनमध्ये ६५,६५१, तेही फ्युएल पंपच. महिंद्रानं २०२३ मध्ये एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या इंजिनजवळचं वायरिंग तपासायला बोलावल्या. ह्युंदाई, किया, टोयोटा सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. रिकॉल न केलेली कंपनीच पाहिजे असेल तर सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारातनं बैलजोडी आणावी लागेल.

उलट ज्या कंपनीची बातमीच येत नाही तिची मला जास्त भीती वाटते. २०१२ च्या आधी आपल्याकडं रिकॉलची धड पद्धतच नव्हती, त्या वर्षी वाहन कंपन्यांच्या संघटनेनं स्वतःहून करायचा नियम काढला. त्याआधी काय गाड्या बिघडत नव्हत्या? लोक गॅरेजला पैसे भरत होते एवढंच.

नवी_पेठ_कट्टा
वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. धागाकर्त्याचा राग रिकॉलवर नाहीच आहे हो, नीट वाचा. त्यांचा राग "एकही कम्प्लेंट नाही" या वाक्यावर आहे. माझाही तोच असता.

अमेरिकेत जनरल मोटर्सचं झालं ते आठवा. इग्निशन स्विच ढिला, किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी चालत्या गाडीत स्विच मागं सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद आणि एअरबॅगही उघडत नव्हत्या. २००६ मध्ये कंपनीनं आतल्या आत सुधारित स्विच बसवायला सुरुवात केली पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळं जुना कुठला नवा कुठला हे बाहेर कुणाला कळेना. रिकॉल आलं २०१४ ला, २६ लाख गाड्या. कंपनीच्याच भरपाई योजनेनं १२४ मृत्यू मान्य केले. पुढच्या वर्षी ९० कोटी डॉलर भरून सरकारशी मिटवलं. पार्ट खराब निघणं मी समजू शकतो. माहीत असून गिऱ्हाइकाला "पेट्रोल खराब" म्हणणं मला माफ करता येत नाही.

विजापूर_रोडवाला
@नवी_पेठ_कट्टा मान्य, पण सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला तेव्हा माहीत होतं हे कशावरून? तो बिचारा डीलरचा नोकर. हेड ऑफिस त्याला सांगेल तेवढंच त्याला माहीत.

नवी_पेठ_कट्टा
मग "मला माहीत नाही, कंपनीला विचारतो" म्हणावं. "एकही कम्प्लेंट नाही" कशाला म्हणावं? समोर एक कम्प्लेंट घेऊन माणूस उभा आहे ना.

गॅरेज_अक्कलकोट_रोड
मालक, मी वीस वर्षं गॅरेज चालवतोय, ह्या पंपाचं मी सांगतो. तुमच्या मागच्या सीटखाली झाकण असतं, त्याच्या खाली टाकीतच पंप बसलेला असतो. पंपात प्लास्टिकचं एक चकतीसारखं चाक असतं, कडेनं बारीक बारीक पाती. ते चाक न् त्याचं घर यांच्यात फट कागदाएवढी. काही लॉटमधी प्लास्टिक कच्चं आलं, ते पेट्रोल पिऊन फुगतं आणि घराला घासायला लागतं. गरम झालं की अडकतं, थंड झालं की सुटतं. म्हणून तर तुमची गाडी अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली. कचरा असता तर अशी गपकन थांबून परत गुळगुळीत चालली नसती हो, आधी झटके दिले असते.

मी एक असला पंप कापून ठेवलाय गॅरेजात. नव्यातलं चाक नुसत्या नखानं फिरतंय, जुन्यातलं अंगठ्यानं रेटलं तरी रुतून बसलंय. कुणालाबी बघायचं असंल तर या, चहा पाजतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, रिकॉलचा पार्ट माझ्यासारख्याकडनं बदलू नका. मी पैसे घेणार, तिथं फुकट हाय, आणि कंपनीच्या कॉम्प्युटरला तुमच्या गाडीचं काम झालं अशी नोंद पण व्हायला पाहिजे.

होटगी_रोड_एक्सप्रेस
भाऊ, मग आपल्या उन्हामुळं जास्त होतं का हे? इथं एप्रिल-मेमध्ये ४३-४४ डिग्री, गाडी दिवसभर कलेक्टर कचेरीसमोर उन्हात.

गॅरेज_अक्कलकोट_रोड
उन्हानं भर पडती, मूळ कारण ते न्हाई. चांगला पंप ह्याच उन्हात दहा दहा वर्षं चालतोय. फक्त टाकी पार तळाला जाऊ देऊ नका, आजूबाजूचं पेट्रोलच पंपाला गार ठेवतं. शंभर-शंभरचं टाकून फिरणारे माझ्याकडं लवकर येतात.

पिंपरीतला_सोलापूरकर
मी पिंपरीला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, थोडं आतलं सांगतो. गाडी कंपनी स्वतः पंप बनवत नाही, एअरबॅग बनवत नाही. एकच सप्लायर पाच-दहा कंपन्यांना माल देतो. त्यामुळं एका साच्यात गडबड झाली की नावं दहा कंपन्यांची येतात. सगळ्यात मोठं उदाहरण टाकाटाचं. जपानची एअरबॅग कंपनी. एअरबॅग फुगवायला जी दारू लागते त्यात त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते खराब व्हायचं आणि ॲक्सिडेंटमध्ये एअरबॅग फुगायच्या ऐवजी तिचं धातूचं डबडंच, म्हणजे इन्फ्लेटर, फुटायचं, तुकडे थेट माणसाच्या अंगावर. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. चाचण्यांचे आकडे फिरवले हे उघड झालं, २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळं काढलं. भारतातही याच कारणानं गाड्या बोलावल्या गेल्या, होंडानं एकट्या २०१८ च्या जानेवारीत २०१३ सालच्या २२,८३४ बोलावल्या.

आमच्याकडं प्रत्येक लॉटची नोंद असते, कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर, कुठल्या पोत्यातलं प्लास्टिक. म्हणून रिकॉलमध्ये "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या" असं येतं. पहिली तक्रार आली की लगेच रिकॉल होत नाही हे खरं आहे, परत आलेले पार्ट उघडून बघावे लागतात, महिने जातात. पण त्या महिन्यांत डीलरला "अशी लक्षणं दिसली तर पार्ट काढून आमच्याकडं पाठवा" एवढी सूचना देता येते. चांगल्या कंपन्या देतात. जी देत नाही ती माझ्या मनातून उतरते, मग तिची जाहिरात कितीही गोड असो.

बाळीवेस
पिंपरीवाले साहेब, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझी गाडी २०१२ ची आहे, २०१९ ला सेकंड हँड घेतली. मुंबईची गाडी, माझ्या आधी दोन मालक झालेत. मला आजपर्यंत कंपनीचा एकही मेसेज नाही. म्हणजे माझ्या गाडीला काही नाही असं समजायचं ना?

पिंपरीतला_सोलापूरकर
नाही, अजिबात समजू नका. मेसेज जातो तो कंपनीकडं नोंद असलेल्या नंबरवर, बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या. त्यात मुंबईची गाडी म्हणजे कित्येक वर्षं दमट हवेत उभी. कंपनीच्या वेबसाईटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन असा भाग असतो, तिथं चासी नंबर टाकून बघा. आजच बघा.

मोदी_खाना
हे फार महत्त्वाचं निघालं. आपल्या सोलापुरात निम्म्या गाड्या पुण्या-मुंबईच्या जुन्या. एमएच १२ न् एमएच ०२ च्या पाट्या मोजा एकदा सात रस्त्याला उभं राहून. सगळी पत्रं तिकडच्या फ्लॅटच्या पत्र्याच्या पेटीत पडली असणार.

कोर्ट_कचेरी
वकिली करतो म्हणून लिहितो, पण हा सल्ला ढोबळ समजा. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, सरकार आता सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. किती गाड्या विकल्या त्या हिशोबात ठराविक तक्रारी आल्या की चौकशी, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर करता येते. अडचण अशी की हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. म्हणजे बाळीवेसांसारख्यांना कंपनीच्या स्वतःच्या रिकॉलवरच अवलंबून राहावं लागतं.

धागाकर्त्यांसाठी: दोन्ही जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार लिहून घेतं तो कागद) आणि बिलं जपून ठेवा. आधी कंपनीला लेखी मेल करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवा. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, अख्ख्या गाडीची तक्रार केलीत तर पाच ते दहा लाखांना फक्त २०० रुपये. मुदत दोन वर्षं. आणि घाबरू नका, २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं ह्युंदाई क्रेटाच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की एअरबॅग किती वेगाच्या, किती जोराच्या धडकेला उघडते हे गणित गिऱ्हाइकानं करणं अपेक्षित नाही. तुम्ही पंपाचे इंजिनिअर असायची गरज नाही.

होटगी_रोड_एक्सप्रेस
अवांतर, पण एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडं नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात पुढं लोखंडी गार्ड न् सीटला जाडजूड कव्हर. गार्डमुळं धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि बाजूची एअरबॅग सीटमध्ये असली की ती त्या कव्हरच्या आतच अडकते. सरकारनं २०१७ च्या डिसेंबरमध्येच गार्ड बंद केलेत. माझ्या मेव्हण्याला सांगून सांगून थकलो, शेवटी गाडीसोबतचं पुस्तक उघडून ते पान वाचायला लावलं तेव्हा काढलं.

पार्क_चौक
खरंय. माझ्याही गाडीला कव्हर आहे, रविवारी काढतो.

नवी_पेठ_कट्टा
विषयावर येतो. विश्वास परत येतो का, तर येतो, टोयोटाचं बघा. २००९-१० ला पायपुसणीत पॅडल अडकतंय, पॅडल चिकटतंय म्हणून लाखो गाड्या बोलावल्या. अध्यक्ष अकिओ टोयोडा स्वतः अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर बसले, माफी मागितली. लोकांपासून माहिती लपवली म्हणून २०१४ ला १२० कोटी डॉलर भरावे लागले. तरी २०१२ लाच कंपनी जगात परत पहिल्या नंबरला होती. याउलट आपल्याकडची टव्हेरा, तीही जनरल मोटर्सचीच गाडी. २०१३ मध्ये १,१४,००० गाड्या बोलावल्या, आणि नंतर कळलं की धुराच्या तपासणीला मुद्दाम निवडलेली इंजिनं बसवून पाठवत होते. माझे चुलते टव्हेरा चालवायचे पंढरपूर लाईनला, गाडीवर जीव होता त्यांचा. ती बातमी वाचून ते एवढंच म्हणाले, "पासिंगला माझा एक दिवा बंद असला तरी परत पाठवतात, आणि हे?" २०१७ ला त्या कंपनीनं भारतात गाड्या विकणंच बंद केलं. कारणं बरीच असतील, पण आमच्या घरातलं गिऱ्हाईक त्या दिवशीच गेलं होतं.

विजापूर_रोडवाला
चुलत्यांचं वाक्य लागलं. मी माझं मत थोडं बदलतो. रिकॉल केलं याला मी आधी पूर्ण मार्क देत होतो, आता काउंटरवरच्या माणसाच्या बोलण्यालाही मार्क ठेवतो.

जुळे_सोलापूरकर
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. पंप बदलला. अडीच तास लागले, मी तिथंच बसलो होतो. जुना पंप मागितला तर दिला नाही, कंपनीला परत पाठवायचा असतो म्हणाले, ते पिंपरीवाल्यांच्या लिहिण्याशी जुळतं. पण फोटो काढू दिला.

मग दोन जुनी बिलं पुढं ठेवली. म्हणाले सिस्टीममध्ये रिफंडची सोय नाही. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं मेल केला, जॉबकार्ड जोडली, १९१५ ला नंबर घेतला. बाराव्या दिवशी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसमधनं फोन आला. बाई नीट बोलल्या, घटना पहिल्यापासून विचारली, कंटेनरचं सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. ५,४०० परत मिळाले. २,९०० नाही मिळाले, ते वेगळं काम होतं म्हणतात. त्यासाठी मी अजून लिहितोय, सोडणार नाही.

जॉबकार्ड नीट बघितल्यावर एक कळलं. मी दोन्ही वेळा "चालता चालता इंजिन बंद पडलं" असं सांगितलं होतं, आणि तिथं लिहिलंय "जनरल चेकअप". म्हणजे माझी तक्रार कंपनीपर्यंत गेलीच नव्हती. मग एकही कम्प्लेंट दिसणार कुठून?

भावाचं सांगतो. त्यानं रद्द करायच्या आधी तीन शोरूमला जाऊन एकच प्रश्न विचारला, की गाडी रस्त्यात बंद पडली तर जॉबकार्डवर माझे शब्द माझ्या भाषेत लिहाल का. दोन ठिकाणी हसले. आमच्या कंपनीच्या शोरूमचाही त्यात नंबर आहे. तिसऱ्या ठिकाणी सर्व्हिसच्या मुलीनं कोरं जॉबकार्ड आणून दाखवलं, ग्राहकाचे शब्द असा रकानाच आहे आणि ती मराठीतच लिहिते. बुकिंग तिकडं गेलं. आधीचे ११,००० कापून न घेता परत आले. माझी जुनी गाडी मात्र मी ठेवतोय, परवा तुळजापूरला जाऊन आलो. आई पुढं बसली होती.

गॅरेज_अक्कलकोट_रोड
जनरल चेकअप! मालक, आजपासनं मीपण गिऱ्हाईक जे बोलंल तेच वहीत लिहिणार.

बाळीवेस
मीही आलो परत. आरसी बुक घासून गेलंय म्हणून चासी नंबर इन्शुरन्सच्या कागदावरनं घेतला. वेबसाईट दोनदा नंबर चुकीचा म्हणाली, मग मुलीनं पकडलं की मी शून्याच्या जागी ओ टाकतोय. तिसऱ्यांदा टाकला आणि लाल अक्षरात आलं, एअरबॅग इन्फ्लेटर, काम बाकी.

टोल फ्रीला फोन केला. पत्र दोन वेळा गेलंय म्हणे, पहिल्या मालकाच्या मुंबईच्या पत्त्यावर. सहा वर्षं मी ही गाडी चालवतोय आणि सहा वर्षं मुलगी शाळेपासून कॉलेजपर्यंत पुढच्याच सीटवर बसत आली. पार्ट सोमवारी येतोय, मंगळवारी सकाळी दहाची वेळ दिलीय. गाडी तोपर्यंत दारात उभी, मुलगी बसनं जाते. माझा नंबर आणि पत्ता नोंदवून घेतला त्यांनी, मी दोनदा वाचून दाखवायला लावला.

पिंपरीतला_सोलापूरकर
चांगलं केलंत गाडी उभी केली ते. मंगळवारी झालं की इथं नक्की लिहा.

मोदी_खाना
मी सासऱ्यांच्या गाडीचा नंबर घेऊन बसलोय. सतरा आकडी असतो ना? माझ्याकडं सोळाच भरतायत.

पिंपरीतला_सोलापूरकर
सतराच. आपल्याकडं बनलेली असेल तर सुरुवात बहुतेक एमनं. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, तसं दिसलं तर तो एक किंवा शून्य आहे. एखादं अक्षर घडीत गेलं असेल, कागदाचा फोटो काढून मोठा करून बघा.

मोदी_खाना
घडीतच होतं. टाकतोय आता.